मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा अनेक

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातले हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. अक्षांश-रेखांशांवरून काढलेला हा आकडा ऋतूप्रमाणे बदलत नाही, विमान कोणत्या कंपनीचे आहे यानेही बदलत नाही. प्रवासाच्या वेळेचे मात्र तसे नाही. न थांबता जाणाऱ्या विमानाला मुंबईहून न्यूयॉर्कला पोहोचायला साधारण सोळा तास लागतात आणि परतताना चौदा ते साडेचौदा तास. हिवाळ्यात ही तफावत वाढते, उन्हाळ्यात कमी होते आणि वाटेतल्या एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केली की सगळेच गणित नव्याने मांडावे लागते. अंतराला ताशी वेगाने भागून प्रवासाचा वेळ काढण्याची शाळेतली रीत इथे का पुरत नाही, हे समजण्यासाठी अंतर आणि वेळ या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आधी अंतर. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो. मुंबईचा बिंदू १९ अंश ५ मिनिटे उत्तर आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व असा आहे, तर केनेडी विमानतळाचा ४० अंश ३८ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ४७ मिनिटे पश्चिम असा. मुंबई ग्रीनिचच्या जितकी पूर्वेला, जवळजवळ तितकेच न्यूयॉर्क पश्चिमेला. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन बिंदूंकडे रेषा काढल्या तर त्यांच्यात सुमारे ११२.७ अंशांचा कोन होतो. एका अंशात साठ मिनिटे, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर कोनाच्या एका मिनिटाला जवळजवळ एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यामुळे अंतर होते सुमारे ६,७६० नॉटिकल मैल. वैमानिक आणि जहाजाचे कप्तान आजही नॉटिकल मैलातच मोजतात, कारण हे माप पृथ्वीच्या गोलाईतूनच निघालेले आहे.

पृथ्वी हा तंतोतंत गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांकडे ६,३५७. ती पूर्ण गोल आहे असे धरून काढलेल्या अंतरात फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहते. ही चूक काढून टाकणारी सूत्रे आहेत. टॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडलेली सूत्रे सर्वांत परिचित. प्रवाशाच्या दृष्टीने या सुधारणेला फारसे महत्त्व नाही. विमान जमिनीपासून अकरा किलोमीटर उंचीवरून उडते, तेवढ्यानेच मुंबई–न्यूयॉर्क मार्ग वीस-बावीस किलोमीटरने लांबतो.

महत्त्वाचा प्रश्न आहे तो सर्वांत जवळची वाट कोणती हा. भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले तर रेषा अरबस्तानातून, दक्षिण इजिप्त आणि सहारातून मोरोक्कोतल्या मराकेशजवळून जाते आणि मग अटलांटिक ओलांडते. ज्या नकाशावर ही रेषा काढली जाते तो बहुधा गेरार्ड मर्केटर यांच्या १५६९ च्या पद्धतीचा असतो. समुद्रावर होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्या जहाजाची वाट सरळ दिसावी, एवढ्यासाठी तो तयार झाला होता आणि ते काम तो चोख करतो. पण या वाटेने गेल्यास मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. सर्वांत कमी अंतरापेक्षा हे तब्बल १,७०० किलोमीटरने जास्त आहे.

खरी जवळची वाट पाहायची तर पृथ्वीगोल हवा. गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात दोरा ताणून धरला की तो पश्चिमेकडे जातच नाही, उत्तर-वायव्येकडे निघतो. दोऱ्याची ही वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर उमटणाऱ्या वर्तुळाला बृहद्‌वृत्त म्हणतात, आणि गोलावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधली सर्वांत आखूड वाट त्याच्यावरच असते. मुंबईहून निघालेली ही वाट कच्छ आणि सिंधवरून अफगाणिस्तानात कंदाहारच्या बाजूने जाते. पुढे तुर्कमेनिस्तानचे वाळवंट, कॅस्पियन आणि अरल या समुद्रांमधला कझाकस्तानचा भाग, व्होल्गेकाठचे सारातोव, मग जवळजवळ थेट मॉस्कोवरून फिनलंडचे हेलसिंकी. नॉर्वेत ती ट्रॉन्हेमजवळून समुद्रावर येते आणि तिथून पुढे सुमारे ६४.७ अंश उत्तर अक्षांशावर तिचा सर्वांत उत्तरेचा बिंदू लागतो. उत्तर ध्रुववृत्त तिथून दोन अंशांहूनही कमी अंतरावर राहते. तेथून वाट खाली वळते : आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्राडोरचा किनारा, अमेरिकेतले मेन राज्य, आणि ईशान्येकडून न्यूयॉर्क. पश्चिमेला असलेल्या शहरात उत्तरेकडून उतरायचे, ही गोष्ट सपाट नकाशाची सवय असलेल्या डोळ्यांना पटायला वेळ लागतो. पण प्रवाशाच्या समोरच्या पडद्यावर विमानाची वाट धनुष्यासारखी वाकलेली दिसते तेव्हा वाकडा असतो तो नकाशा.

ही झाली भूमितीची वाट. प्रत्यक्षात मुंबईहून निघालेले भारतीय विमान आज या वाटेने जाऊ शकत नाही. तिच्यावर पाकिस्तान आहे, अफगाणिस्तान आहे, रशिया आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व दिले आहे. त्यामुळे दुसऱ्या देशावरून उडायला परवानगी लागते, त्यासाठी शुल्क भरावे लागते आणि परवानगी काढूनही घेतली जाऊ शकते. दोन शहरांमधले अंतर किती, या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर परराष्ट्र खात्यांच्या हातात असते, ते यामुळेच.

गेल्या काही वर्षांत हे वारंवार दिसले. बालाकोटच्या हवाई कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते पूर्णपणे खुले झाले १६ जुलै २०१९ रोजी. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांसाठी तेच केले. याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला कितीतरी जास्त बसतो. दिल्लीच्या पश्चिमेला लगेच पाकिस्तान आहे, त्यामुळे युरोप-अमेरिकेकडे निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेला उतरून गुजरातमार्गे अरबी समुद्रावर यावे लागते. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रच आहे. तिथून ओमान आणि आखातावरून इराण किंवा इराक, मग तुर्कस्तान आणि युरोप अशी वाट धरता येते. अर्थात तीही भरवशाची नाही. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला तेव्हा त्या टापूतले आकाश अचानक बंद झाले आणि भारतातून युरोप-अमेरिकेकडे निघालेली अनेक विमाने अर्ध्या वाटेतून परतली किंवा दुसरीकडे उतरवावी लागली.

युरोपीय आणि अमेरिकी विमानांसाठी उत्तरेकडची बाजू रशियाने अडवली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर युरोपीय संघ आणि अमेरिका यांनी रशियन विमानांना बंदी केली, रशियाने त्यांच्या विमानांना. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने मार्च २०२२ मध्ये आपली नेवार्क–मुंबई सेवा थांबवली, त्यामागचे कारण हेच होते. नेवार्क हा न्यूजर्सीतला विमानतळ. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती त्या राज्यात असल्यामुळे ‘न्यूयॉर्कला जाणे’ म्हणजे अनेकांसाठी प्रत्यक्षात नेवार्कला उतरणे असते. सर्वांत मोठा धक्का मात्र फिनलंडच्या फिनएअरला बसला. आशियाला युरोपातून सर्वांत जवळचे दार म्हणून तिने हेलसिंकीची ओळख तयार केली होती. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर जेमतेम ७,८०० किलोमीटर, आणि रशियावरून ते साडेनऊ तासांत कापले जाई. बंदीनंतर विमाने उत्तर ध्रुवाकडून वळसा घालून जाऊ लागली आणि वेळ झाला सुमारे तेरा तास. दोन्ही शहरे जिथल्या तिथे होती, मधले साडेतीन तास वाढले ते दोन सरकारांच्या आदेशांनी.

आता वारा. लांब पल्ल्याचे जेट विमान ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८४ ते ८५ टक्के वेगाने उडते. पस्तीस हजार फुटांवर, जिथे तापमान उणे ५४ अंश सेल्सियसच्या आसपास असते, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटर भरतो. म्हणजे विमानाचा वेग झाला ताशी ९००. पण हा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भातला आहे. हवा स्वतः वाहत असेल तर जमिनीच्या संदर्भातला वेग वेगळा निघतो. आणि त्या उंचीवर हवा जोरात वाहते. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे आहेत, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांतला वारा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो, हिवाळ्यात तर कधी ३०० च्याही पुढे. थंडीत असा एक पट्टा उत्तर भारतावर, हिमालयाच्या दक्षिण बाजूला येऊन बसतो. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला ते कळावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि बहुधा म्हणूनच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची उंचावरून उडणारी बॉम्बफेकी विमाने जपानवर गेली तेव्हा या वाऱ्यांची ताकद वैमानिकांना प्रत्यक्ष अनुभवावी लागली.

फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या काळात न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला उतरले. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीची मर्यादा त्याने ओलांडली नव्हती, कारण भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होते.

जाताना वारा आडवा आला तरी येताना तो मदत करतो, तेव्हा हिशेब फिटत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. तो फिटत नाही. १२,५०० किलोमीटर ताशी ९०० ने कापायला १३ तास ५३ मिनिटे लागतात, म्हणजे जाऊन-येऊन २७ तास ४७ मिनिटे. सगळ्या वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा पश्चिमी वारा आहे असे धरले तर जाताना वेग ८०० होतो आणि वेळ १५ तास ३७ मिनिटे. येताना वेग १,००० आणि वेळ साडेबारा तास. बेरीज २८ तास ७ मिनिटे. वीस मिनिटांचा तोटा उरतोच, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवते आणि पाठच्या वाऱ्यात कमी. प्रत्यक्षात हा तोटा कमी करण्यासाठी जाताना आणि येताना वेगळी वाट निवडतात. उत्तर अटलांटिकवर तर कॅनडातले गँडर आणि ब्रिटिश बेटांवरचे शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रे वाऱ्याचा अंदाज पाहून दररोज नवे मार्ग आखून देतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना जेट स्ट्रीमचा फायदा मिळावा आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना ती टाळता यावी, असे.

वाऱ्यापुढे किलोमीटर किती गौण ठरतात याचे उत्तम उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाचे आहे. या दोन विमानतळांमधले भूमितीचे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाचे विमान सुरुवातीला युरोप आणि अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने उलटी दिशा धरली आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, तरी ते साडेचौदा तासांत पोहोचले, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. त्या वेळी अनेक बातम्यांनी याचे श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला दिले होते : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, विमान तिच्या बरोबर गेले म्हणून लवकर पोहोचले. हे स्पष्टीकरण चूक आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, आणि विमान त्या वातावरणातच उडते. नुसत्या फिरण्याने त्याला ना फायदा ना तोटा. फायदा झाला तो पॅसिफिकवरच्या पश्चिमी वाऱ्यांचा. पृथ्वीचे फिरणे त्या वाऱ्यांना दिशा देते, एवढाच तिचा त्यात वाटा. ही गैरसमजूत इतकी रुजली आहे की ती खोडून काढणे प्रत्येक वेळी गरजेचे वाटते.

वाट आणि वारा अनुकूल असूनही विमानाची कुवत आड येते. जुना नियम असा होता की दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडल्यास साठ मिनिटांत पोहोचता येईल अशा विमानतळापासून दूर जायचे नाही. अमेरिकेत तो १९५३ पासून लागू होता, आणि त्यामुळे महासागर ओलांडण्याचे काम तीन किंवा चार इंजिनांच्या विमानांकडेच राहिले. जेट इंजिने भरवशाची होत गेली तशी ही मर्यादा सैल झाली : १९८५ मध्ये १२० मिनिटे, १९८८ मध्ये १८०. आज बोइंग ७८७ ला ३३० आणि एअरबस ए-३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. पृथ्वीवरचा फारच थोडा भाग आता या विमानांच्या आवाक्याबाहेर राहतो. तरी वाटेतले विमानतळ कागदापुरते नसतात. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरवावे लागले. दोनशेहून अधिक प्रवाशांना पुढचे विमान येईपर्यंत त्या छोट्या गावात थांबावे लागले.

इंधनाचा हिशेब तर आणखी काटेकोर. बोइंग ७७७-२००एलआर या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३४७ टन. त्याच्या टाक्यांत १,८१,००० लिटर, म्हणजे जवळपास १४५ टन इंधन मावते. लांबच्या उड्डाणाला ते तासाला सात-आठ टन जाळते. हे प्रमाण सुरुवातीला जास्त असते, कारण तेव्हा विमान पुढच्या पंधरा तासांचे इंधनही वाहून नेत असते. पल्ला जितका लांब तितका इंधन वाहण्यासाठीच लागणाऱ्या इंधनाचा वाटा मोठा. म्हणून वाटेत एक तास वाढला तर केवळ त्या तासाचे इंधन घेऊन भागत नाही. ते उचलण्यासाठी आणखी घ्यावे लागते, आणि वजनाची मर्यादा आली की माल किंवा प्रवासी कमी करावे लागतात. उन्हाळ्यात दिल्लीसारख्या ठिकाणी तापलेली विरळ हवा पंखांना कमी उचल देते, तेव्हा ही अडचण दुप्पट होते. पाकिस्तानचे आकाश बंद झाल्यावर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमाने व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबू लागली, आणि सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवताना बंद आकाश हे एक कारण सांगितले.

तिकिटावर छापलेली वेळ हवेतल्या वेळेपेक्षा नेहमी जास्त असते. ती मोजली जाते विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते. न्यूयॉर्कच्या आकाशात उतरण्यासाठी. कंपन्या हा सगळा वेळ गृहीत धरतात आणि वर थोडी सवडही ठेवतात. पाऊण तास उशिरा निघालेले विमान कधी वेळेवर पोहोचते ते वैमानिकाने वेग वाढवल्यामुळे क्वचितच. बहुधा ही आधीच ठेवलेली सवड कामी आलेली असते.

घड्याळाचा गोंधळ वेगळाच. भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, न्यूयॉर्कची हिवाळ्यात पाच तास मागे. फरक साडेदहा तासांचा. समजा, जानेवारीतल्या एका मंगळवारी रात्री एक वाजता विमान मुंबईहून निघाले आणि सोळा तास उडाले. मुंबईत तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, पण न्यूयॉर्कच्या घड्याळात मंगळवारचेच पहाटेचे साडेसहा. वेळापत्रकावर नुसती नजर टाकली तर प्रवास साडेपाच तासांचा वाटतो. परतीला न्यूयॉर्कहून मंगळवारी सकाळी अकराला निघालेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईत उतरते तेव्हा तिथे बुधवारचे दुपारचे बारा वाजलेले असतात. वेळापत्रकात पंचवीस तास. या दोन दिसणाऱ्या वेळांची बेरीज साडेतीस तास होते, आणि सोळा अधिक साडेचौदा हीही साडेतीसच. म्हणजे कोणत्या शहराचे घड्याळ किती मागे-पुढे आहे हे ठाऊक नसले तरी, जाण्या-येण्याच्या स्थानिक वेळांतले फरक मिळवून निम्मे केले की सरासरी प्रवासवेळ अचूक मिळते. परक्या देशाचे वेळापत्रक वाचताना ही युक्ती फार उपयोगी पडते. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळे एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. त्या काळात फरक साडेनऊ तासांवर येतो, आणि उड्डाण तेवढेच असूनही वेळापत्रकातले आकडे सरकतात.

रात्रीचे जानेवारीतले हे विमान सोळाच्या सोळा तास अंधारातून जाते. साठ अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो, आणि विमान जवळपास त्याच वेगाने पश्चिमेकडे जात असते. त्यामुळे सूर्य मागून येतच राहतो पण विमानाला गाठत नाही. दक्षिणेकडच्या वाटेनेही ही रात्र अशीच लांबते. परतीला उलट, दिवस आखडतो आणि रात्र घाईने येऊन जाते. शरीराचे आतले घड्याळ या वेगाने जुळवून घेऊ शकत नाही. बहुतेकांना पूर्वेकडचा प्रवास जास्त जाचतो, कारण रोजच्यापेक्षा लवकर झोपणे हे उशिरा झोपण्यापेक्षा अवघड जाते.

हा प्रवास गेल्या पाऊण शतकात कसा आखडला, त्याची गोष्ट विमानाच्या वेगाची कमी आणि थांब्यांची जास्त आहे. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे पंख्यांचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. मे १९६० मध्ये कंपनीने बोइंग ७०७ जेटने लंडनमार्गे न्यूयॉर्क गाठले. त्या ७०७ चा वेग आणि आजच्या विमानांचा वेग यांत सांगण्याजोगा फरक नाही. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा रोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. कॉन्कॉर्डने ती मर्यादा ओलांडली आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्क–लंडन अंतर तीन तासांहून कमी वेळात कापले. पण त्याचा पल्ला साधारण सात हजार किलोमीटरचा, मुंबई–न्यूयॉर्कच्या अर्ध्याहून थोडाच जास्त. १९६० नंतर वाचलेला वेळ वाचला तो थांबे गळाल्यामुळे. ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाने ७७७-२००एलआर विमानाने मुंबई–न्यूयॉर्क न थांबता सुरू केले, तेव्हा मधला शेवटचा थांबाही गेला.

थांबा घेऊन जाणे मात्र अजूनही बहुसंख्य प्रवाशांच्या वाट्याला येते, कारण ते बहुधा स्वस्त पडते. त्यात अंतर किती वाढते? मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५५०, बेरीज १२,७५०. थेट अंतरापेक्षा जेमतेम दोन टक्के जास्त, कारण लंडन बृहद्‌वृत्ताच्या वाटेपासून फार लांब नाही. फ्रँकफर्टमार्गेही जवळपास तेवढेच. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे सुमारे १२,९५०. आखाती कंपन्यांनी भारतातून अमेरिकेला जाणारी इतकी मोठी वाहतूक ओढून घेतली, तिच्यामागे हे भूगोलाचे पाठबळ आहे. वेळ जातो तो उतरण्यात, पुन्हा चढण्यात आणि पुढच्या विमानाची वाट पाहण्यात. दोन तासांचा थांबा मिळाला तर प्रवास अठरा-एकोणीस तासांत होतो, आठ तासांचा मिळाला तर पूर्ण दिवस जातो. उलट थांबा घेऊन जाणारे विमान एका दमात लागणारे सगळे इंधन वाहत नसल्यामुळे पुष्कळदा तेवढ्याच प्रवासाला कमी इंधन जाळते.

याहून लांब मार्ग आहेत. सिंगापूर एअरलाइन्सची सिंगापूर–न्यूयॉर्क सेवा सुमारे १५,३०० किलोमीटरची असून तिला साडेअठरा तासांच्या आसपास लागतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिच्यासाठी आणलेल्या खास ए-३५० विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते, पण आसने अवघी १६१ ठेवली आहेत आणि स्वस्तातला वर्ग मुळातच नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने मार्च २०१८ मध्ये पर्थ–लंडन सुरू केले, १४,५०० किलोमीटर. याच कंपनीच्या कॅटालिना उडत्या बोटी १९४३ ते १९४५ या युद्धकाळात पर्थहून श्रीलंकेला जात. जपानी ताब्यातल्या समुद्रावरून रेडिओ बंद ठेवून केलेले ते उड्डाण सुमारे २८ ते ३२ तासांचे असे आणि आतल्या मूठभर प्रवाशांना हवेतच दोनदा सूर्योदय दिसे. त्या आठवणीवरूनच क्वांटासने सिडनी–लंडन थेट सेवेच्या योजनेला ‘प्रोजेक्ट सनराइज’ नाव दिले आहे. हे अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. २०१९ मध्ये चाचणी म्हणून न्यूयॉर्कहून सिडनीला नेलेले विमान १९ तास १६ मिनिटे उडाले. आत केवळ ४९ जण होते.

या सगळ्याला वरची मर्यादाही आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून दूर असू शकत नाहीत. नोव्हेंबर २००५ मध्ये एका बोइंग ७७७-२००एलआरने हाँगकाँगहून निघून पॅसिफिक, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडत पूर्वेच्या दिशेने लंडन गाठले : २१,६०० किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटे, एकदाही न थांबता. आत नेहमीसारखे प्रवासी आणि माल नव्हते. भरलेल्या विमानाने तेवढा पल्ला गाठायचा तर इंधनाचे वजन आड येते, आणि ते कमी करणारे इंजिन अजून कोणाकडेच नाही.